झाडाखाली बसलेला माणूस

“या माणसाचं काय लिहिणार तुम्ही?” आगाशे सरांनी विचारलं आणि भिंग चित्राच्या डाव्या कोपऱ्यावर धरलं.

मी वाकले, पण बघायची गरज नव्हती. ते चित्र आठ दिवस माझ्याच टेबलावर होतं. काळ्या शाईत टाकानं काढलेलं, शंभर वर्षांपूर्वीचं. जमिनीची मोजणी करत गावोगाव फिरणाऱ्या एखाद्या गोऱ्या साहेबाबरोबर कुणी नकाशे काढणारा असावा, त्याच्या हातचं. सही नाही, गावाचं नाव नाही. एक मोठं रान, त्यात नऊ औतं चाललेली. बांधावर एकजण हलगी वाजवतोय. ओढ्याकाठी दगडांच्या चुली, त्यांवर मोठाली भांडी, भाकरी थापणाऱ्या बायका. आणि डाव्या कोपऱ्यात एका झाडाखाली घोंगड्यावर बसलेला एक माणूस. अंगानं उघडा, डोक्यानं बोडका, हात गुडघ्यांवर. त्याच्या मागे झाडाला लावून ठेवलेला एक नांगर.

“मालक आहे तो,” मी म्हटलं.

“मालकाच्या अंगात कुडतं नाही?”

“उकडतंय म्हणून काढलं असेल.”

“आणि पागोटं?”

“तेही.”

सर हसले. “नऊ औतं बाळगणारा बडा असामी, आणि बसायला घोंगडं?”

“रानात गादी कुठून आणणार, सर?”

“बरं, हलगी कशासाठी?”

“राबणाऱ्यांचे हात चालावेत म्हणून. त्यांनी राबायचं आणि यानं बसून ऐकायचं.”

सरांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना पटलं नव्हतं, ते दिसत होतं. “मी पडलो पुण्यात वाढलेला. नांगर बघितला तोही चित्रातच. तुम्ही खेड्यातल्या. तुम्ही म्हणता तर तसंच असणार.”

ही अडुसष्ट सालची गोष्ट. जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टचं लहानसं वस्तुसंग्रहालय होतं. इतिहासात बी. ए. झाले आणि तिथे मला सहा महिन्यांच्या बोलीवर काम मिळालं. जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. चित्रांखालच्या पाट्यांचा मजकूर मी लिहायचा आणि रंगारी तो फळ्यांवर रंगवणार. काम चांगलं झालं तर कायम करू, असं सर म्हणाले होते. शेतीची चित्रं त्यांनी मुद्दाम मला दिली, कारण आमच्या कचेरीत खेड्यात जन्मलेली मी एकटी.

मी पाटी लिहिली ती अशी: ‘मालकाची विश्रांती. नऊ औते राबत आहेत, वाद्य वाजत आहे, जेवण शिजत आहे. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो सावलीत आरामात बसला आहे. कष्ट कोणाचे आणि सुख कोणाचे, हे या चित्रात स्पष्ट दिसते.’

“जरा तिखट झालंय,” सर म्हणाले.

“खरं आहे ते, सर.”

इतक्या खात्रीनं मी का बोलले, ते सरांना माहीत नव्हतं. असं चित्र मी डोळ्यांनी बघितलं होतं. झाडाखाली बसलेल्या त्या माणसाला मी ओळखत होते.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वैशाख संपत आला होता. तिला मिशनच्या दवाखान्यातून घरी आणलं ते तसंच आणलं. आम्हाला भाऊ नव्हता, तेव्हा क्रियाकर्म सगळं आबांनी, माझ्या वडिलांनीच केलं. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मावशी मला आपल्या घरी, शहरात घेऊन निघाली. शाळा सुरू व्हायची होती. बैलगाडीनं मोटारीच्या रस्त्याकडे जाताना आमचं रान लागतं. वळणावर गाडी थांबली आणि मला दिसलं, आमच्या रानात औतंच औतं. हलगी कडकडत होती. चुलींचा धूर, भाकरीचा वास, माणसांची ये-जा. आणि कडुलिंबाखाली आबा, नुसते बसलेले.

“काय चाललंय गं मावशी?” मी विचारलं.

“बघून घे,” मावशी म्हणाली. “तुझ्या बापाची मौज चाललीय. माझ्या बहिणीची राख अजून गार नाही झाली.”

गाडीवाल्यानं बैलांना हाकललं. मी मागे वळून बघत होते, पण चुलींचा धूर मध्ये आला होता. आबा माझ्याकडे येतील असं मला वाटत होतं.

मावशीला बहीण गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता, हे कळायला मला पुढे फार वर्षं लागली. आठव्या वर्षी मी तिचे शब्द घेतले ते घेतले. दिवाळीला गावी जायचंही मी हळूहळू सोडलं. आबाच वर्षातून एकदा यायचे, भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. मावशीच्या ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. मावशी उंबऱ्यात उभी असायची. मी हातात पुस्तक धरून असायचे.

पाट्या रंगवून आल्या त्याच आठवड्यात आबांचं कार्ड आलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. गावचे मास्तर लिहून देत. माझं लग्न ठरलं होतं, महिन्यावर आलं होतं, शहरातल्याच एका कार्यालयात करायचं असं मावशीनं आणि काकांनी योजलं होतं. कार्डावर एवढंच होतं: ‘लग्न आपल्या दारात व्हावे एवढी एकच इच्छा आहे. समक्ष बोलायचे आहे, बुधवारी येतो.’

“काय सांगणार आहेस?” मावशीनं विचारलं.

“नाही म्हणून सांगणार.”

बुधवारी, प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, आबा मावशीकडे न जाता थेट संग्रहालयात आले. धुतलेलं धोतर, पायांत नव्या वहाणा. दारातल्या शिपायानं अडवलं तर त्याला म्हणाले, “अनसूया सूर्यवंशीचा बाप हाय मी. ती हितली सायबीण हाय.”

मी धावत बाहेर आले. शिपाई हसू दाबत होता.

“आबा, मी साहेबीण नाही इथं.”

“हुशील की.” त्यांनी वहाणा दारात काढायला घेतल्या.

“राहू द्या. इथं वहाणा चालतात.”

“एवढ्या चकचकीत फरशीवर?” आणि त्यांनी त्या काढल्याच. “अनसे, पत्र पोचलं न्हवं?”

“पोचलं. आधी चित्रं बघा. मग बोलू.” नाही म्हणायला मला थोडा वेळ हवा होता.

मी त्यांना फिरवलं. राजेरजवाड्यांच्या चित्रांपुढून ते भराभर गेले. एका घोड्याजवळ थांबून म्हणाले, “मागचं पाय चुकल्यात ह्याचं.” मागून कुठल्याशा शाळेच्या मुली आल्या होत्या. बाईंच्या हुकमावरून त्या प्रत्येक पाटी एकसुरात मोठ्यानं वाचत पुढे सरकत होत्या.

मग आबा त्या चित्रासमोर आले आणि हलेनात.

“ही तर इर्जिक हाय,” ते म्हणाले.

शब्द मला माहीत होता. सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात राबायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं.

“कशावरून, आबा?”

“एका रानात नऊ औतं दुसरी कशानं येतील? राजाच्या रानात बी येत न्हाईत.” त्यांचं बोट काचेपाशी गेलं आणि काचेला न लागता थांबलं. “आन् ह्यो बसलाय न्हवं, रान ह्याचं. ह्याच्या घरातलं मानूस गेलंय.”

“तो तर आरामात बसलाय.”

“आरामात?” आबांनी माझ्याकडे बघितलं. “डोकं बघ की. केस काढल्यात. मिशी बी न्हाई. आन् पाठ बघ. आरामात बसलेला मानूस झाडाला टेकतो. ह्यो टेकलाय का?”

टेकला नव्हता. झाडाचं खोड आणि त्याची पाठ यांच्यामध्ये बोटभर कोरा कागद होता. आठ दिवस भिंगातून बघून मला तो दिसला नव्हता.

“मग उठून काम का करत नाही तो?”

“करू देत न्हाईत. दुखवट्याच्या इर्जिकीला धन्यानं औताला हात लावायचा न्हाई, ही रीत हाय आपल्याकडं. त्याचा नांगर झाडाला लावून ठेवत्यात आन् त्याला बसवत्यात. म्हणत्यात, तू बस, आज आम्ही हाय. चांगल्या मनानं म्हणत्यात गं. पर लई वंगाळ असतंय ते बसनं. हातात नांगराचं रुमणं असलं तर मानूस दिवस काढतो. रिकाम्या हातानं कसा काढायचा?”

“आणि हलगी?”

“ती बी त्याच्यासाठीच. मोठ्यांदा वाजवत्यात. बसल्या जागी रडला तर कुणाला ऐकू येऊ ने म्हणून.”

त्यांनी पुन्हा एकदा औतं मोजली. ओठ हलत होते.

“नऊ हायती,” ते म्हणाले. “आपल्याला आठ आली हुती.”

मी चित्रावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

“तुझी आई गेली तवा. उन्हाळाभर मी तिच्या उशाला, दवाखान्यात. रान तसंच पडल्यालं. तेराव्याला शिरपा म्हणला, उद्या समदे येतोय, तू फकस्त बस. त्याच दिवशी तुझी मावशी तुला घेऊन निघाली. मी तिला म्हणलं, रानावरनं न्या, पोरीला बघतो. वळणावर गाडी थांबली. मी उठलो, हाक मारली. दोन येळा मारली.” त्यांनी चित्रातल्या हलगीवाल्याकडे बोट केलं. “पर हलगी चालली हुती.”

मुली दोन चित्रं मागे होत्या. त्यांचा आवाज स्पष्ट येत होता.

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि चित्राखालच्या फळीकडे बघितलं. ठळक काळी अक्षरं होती. रंगाऱ्यानं ‘मालकाची विश्रांती’ मोठ्या अक्षरात काढून खाली रेघ मारली होती.

“काय लिवलंय गं खाली?”

मी म्हटलं, “तेच लिहिलंय, आबा. तुम्ही सांगितलंत तेच. ही इर्जिक आहे. झाडाखाली बसलाय त्याच्या घरी दुःख झालंय.”

“मग मघाशी आरामात बसलाय म्हणलीस ते?”

“तुम्हाला ओळखता येतं का ते बघत होते.”

“बापाची परीक्षा व्हय!” आबा हसले. सगळा चेहरा हसला. “कुनी लिवलं हे? सायबानं?”

“मी लिहिलं.”

“तू?” त्यांनी फळीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “म्हंजी तुला ठावं हुतं.”

“हो.”

“समदं?”

“हो, आबा.” मला वाटलं, यानं त्यांना बरं वाटेल.

“कवापासनं?”

“पहिल्यापासून.”

हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, पण त्याच्यामागे आता कुणी नव्हतं. मुली या चित्राकडे सरकल्या. मी आबांचा हात धरून त्यांना बाजूच्या दालनात नेलं. मागे मुलींनी वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी उगाच मोठ्यानं म्हटलं, “ही भांडी बघा, तांब्याची आहेत.”

आबांनी भांडी बघितली. मग खांद्यावरचं उपरणं काढून झटकलं आणि परत टाकलं.

“मला वाटायचं, पोरीला कुनी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले. “ल्हान हुती. रस्त्यावरनं बघितलं आन् काय समजली आसंल कुनास ठावं, म्हणून घरला येत नसंल. मावशीच्या दारात असलं बोलता येत न्हाई, आन् मास्तरला तरी काय लिवाय सांगायचं? म्हणून हितं आलो हुतो, समक्ष सांगावं म्हणून.” ते दाराकडे निघाले. “तुला ठावंच हुतं म्हणल्यावर सांगायचं काय ऱ्हायलं?”

वहाणा घालताना ते वाकले ते बराच वेळ वाकलेलेच होते. नव्या वहाणेचा पट्टा अंगठ्यात नीट बसत नव्हता.

“आबा, जेवून जा.”

“नगं. तीनची गाडी गावंल.”

मी स्टँडपर्यंत त्यांच्या मागे गेले. वाटेत ते पावसाचं बोलले, शिरपाकाकांच्या गाईचं बोलले. गाडी लागलेलीच होती. ते खिडकीपाशी बसले. मी खाली उभी.

“आबा, पत्रात लिहिलं होतंत ते, लग्नाचं...”

“ते इसर. मास्तर बी कायबाय लिवतो.”

“नाही, मला म्हणायचंय की...”

“तुझ्या सोयीनं कर. मी यीन की. कुठंबी असलं तरी यीन.”

एकच वाक्य बोलायचं होतं. मला माहीत नव्हतं, आबा. पंधरा वर्षं मी चुकीचं समजले. पण ते बोलायचं तर त्यांना परत त्या दालनात न्यायला हवं होतं आणि फळीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायला हवं होतं. ज्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं, ती अक्षरं.

“काय गं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. जपून जा.”

कंडक्टरनं घंटी मारली. आबांनी आतून हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. “सर, एक पाटी बदलायची आहे. चुकलीय.” मी त्यांना सगळं सांगितलं. डोकं, मिशी, न टेकलेली पाठ, हलगी. आमच्या घरचं तेवढं वगळलं. सर खुर्चीतून उठलेच. “अहो, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“वडिलांनी.”

“काल आले होते ते? आणि मला भेटवलं नाहीत?”

फळी नव्यानं रंगवून आली. सरांनी त्या चित्रावर एका नियतकालिकात लेख लिहिला आणि त्यात माझं कौतुक केलं. दिवाळीच्या आधी मला कायम करण्यात आलं.

लग्न शहरातच झालं. पत्रिका छापून झाल्या होत्या, कार्यालय ठरलं होतं. बदलायचं कुणी म्हटलंही नाही, मीही नाही. कन्यादानाला काका-मावशी बसले. आबा नवं पागोटं बांधून आले होते, पाहुण्यांत चौथ्या-पाचव्या रांगेत होते. मी पाया पडले तेव्हा म्हणाले, “सुखी ऱ्हा.” पंगतीला बसले, चवीनं जेवले, वाढणाऱ्यांना ‘ब्येस झालंय’ म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

पुढच्या खेपेला सांगू, असं मी दोन वर्षं म्हणत राहिले. ते आमच्या बिऱ्हाडी यायचे, शेंगांचं गाठोडं ठेवायचे, जावयाशी बोलायचे. दरवेळी मी चहा टाकायच्या निमित्तानं आत जायची. कार्डावर लिहायचं तर मास्तरांनी ते वाचून दाखवायचं. ते नको वाटायचं. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात ते गेले. तापाचं निमित्त झालं.

मी गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरासमोर येऊन उभी राहिले आणि मला घर ओळखू येईना. घर तेच होतं, पुढचं अंगण मात्र माझ्या आठवणीपेक्षा दुप्पट होतं. उजव्या हाताला गोठा असायचा. तो नव्हता. नुसती मोकळी जमीन, तिच्यावर टाकळा माजलेला. बैल पलीकडे बाभळीला बांधले होते.

शिरपाकाकांची बायको, रखमाकाकू, दारात बसली होती.

“काकू, गोठा कुठं गेला?”

“पाडला की त्यानं. तुझ्या लग्नाच्या वक्ताला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “अंगण अपुरं पडंल म्हणायचा. शहरातनं चार मानसं येतील, मांडव मोठा पायजे. चार दिवस खपला, येकटा. दगड उचलून उचलून हातांची सालटी गेली. आमी म्हणलं, आदी पोरीला इचार, मग पाड. तर म्हणला, तिला येकदा समक्ष सांगितलं की ती न्हाई म्हणायची न्हाई.”

“मग?”

“मग काय? गेला तुझ्याकडं आन् आला. इचारलं तर म्हणला, तिची सोय न्हाई हितं. भिंत काय परत बांधली न्हाई त्यानं. बैल तीन पावसाळं उघड्यावर हायती.”

ती आत गेली. मी अंगणात उतरले. टाकळा बाजूला सारला तर जुन्या भिंतीच्या पायाचे दगड जमिनीत एका रांगेत दिसत होते. त्याच्या पलीकडची जमीन कुणीतरी चोपून सपाट केलेली होती, एक खडा नव्हता. मी घराच्या उंबऱ्यापासून कडेपर्यंत पावलं टाकत गेले. बावीस भरली. मांडव चांगला ऐसपैस बसला असता.